नळी कोण झाडणार?

पारनेरकडच्या जुन्या धाब्याच्या घरांना धुराडं क्वचितच असे. छताला एक साणं ठेवलेलं असायचं. त्यातून उजेड आत यायचा आणि चुलीचा धूर जमेल तसा बाहेर पडायचा. उरलेला घरातच मुरायचा. तुळया काळ्याभोर व्हायच्या, जळमटं लोंबायची. घट बसायच्या आधी बायका डोक्याला फडकं बांधून, लांब काठीच्या टोकाला केरसुणी लावून ती काढायच्या. या कामाला मजुरी नव्हती, म्हणून त्याची नोंदही कुठे नाही.

त्रिंबक नारायण आत्र्यांनी 1915 साली ‘गावगाडा’त बलुतेदारांचा सारा व्यवहार मांडला. सुतार, लोहार, कुंभार, परीट, न्हावी सगळे त्यात आहेत. त्या व्यवस्थेतला जातीचा जाच मला मान्य नाही आणि ती गेली हे चांगलंच झालं. तिच्यातली एक गोष्ट मात्र विचार करण्यासारखी आहे. सुताराला औत करून दिल्यावर सुटका नव्हती. ते वर्षभर चालतं ठेवणं हेही त्याचंच काम, आणि सुगीला खळ्यावर धान्य मागायला त्याला त्याच शेतकऱ्यापुढे उभं राहावं लागे.

निर्धूर चूल आमच्याकडे आली ती या नात्याशिवाय. तसा तिचा विचार जुना. वर्ध्याच्या मगनवाडीतली ‘मगन चूल’ प्रसिद्ध आहे. केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम 1983 मध्ये सुरू झाला. पुढे महाराष्ट्रात पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ‘लक्ष्मी’सारख्या चुली घडवल्या आणि त्या बनवायला कुंभारांना शिकवलं.

आमच्या घरातल्या निर्धूर चुलीला दोन भांड्यांची सोय होती आणि मागून सिमेंटची नळी छताबाहेर काढलेली होती. वर पावसासाठी टोपी. गरम हवा वर चढते आणि धूर ओढून नेते, एवढंच तिचं तंत्र. पण आमचं जळण म्हणजे वेडी बाभूळ, तुरकाठ्या, पावसाळ्यात दमट गोवऱ्या. ओल्या जळणाचा धूर नळीत थंडावला की डांबरासारखा चिकट थर धरतो आणि त्यावर काजळी बसते. चार इंची नळीत चहूबाजूंनी अर्धा इंच थर बसला, की तोंड तीन इंचांचं उरतं आणि धुराची वाट जवळपास निम्मी होते. मग धूर उलटा स्वयंपाकघरात येतो.

आई दर महिन्याला तुरकाठीला गोणपाटाचा बोळा बांधून नळी खालवर घासायची. धाब्यावर चढून टोपी काढायला मात्र घरातला पुरुष लागायचा, आणि त्याला सवड नसायची. वाडीवरच्या बऱ्याच घरांत लोकांनी शेवटी नळी उपसून भोक बुजवलं आणि पुन्हा तीन दगडांची चूल मांडली. बायकांना सुधारणा नको होती असं पुढे बोललं गेलं, ते मला पटत नाही. नळी तुंबल्यावर हाक मारायची कुणाला, हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

राष्ट्रीय कार्यक्रम 2002 मध्ये संपला. पुढे ओडिशातल्या अशाच चुलींचा अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार वर्षं अभ्यास केला. पहिल्या वर्षी श्वासातून आत जाणारा धूर कमी झाला. पुढे वापर आणि देखभाल दोन्ही ढिली पडली आणि फायदा उरला नाही.

देखभालीची जबाबदारी ठरवून देता येते. जर्मनीत धुराडी झाडणं हा मानाचा धंदा आहे. तिथे 2012 अखेरपर्यंत एकेका भागाला एकच नेमलेला माणूस असे. 2013 पासून सफाईला कुणाही पात्र कारागिराला बोलावता येतं, पण ठरावीक तपासणी आजही नेमलेल्या माणसाकडेच आहे. काम बाजारातून घ्या, जबाबदारी एका नावावर ठेवा, असा तो हिशेब.

आता सुपा एमआयडीसीच्या आसपासच्या सदनिकांत विजेच्या चिमण्या आल्या आहेत. तेलाने बुजलेली जाळी आणि वाकलेला पाईप हीच त्यांची दुखणी. त्यांच्या दुरुस्तीला माणूस बोलवाल तेव्हा एवढं बघा: तो आधी उघडून दाखवतो का, न बघताच मोटर बदलायला सांगतो का, काढलेला भाग तुमच्या हातात देतो का, पैसे आधी ठरवून पावती देतो का. आणि गावात त्याला ओळखणारं कुणी आहे का. जाळी गरम पाण्यात सोडा टाकून घरीच धुता येते, हे जो स्वतःहून सांगतो त्याला पुन्हा बोलवावं.

झाडण्याचं काम हलकं मानायचं कारण नाही. स्वातंत्र्यसैनिक सेनापती बापटांनी याच पारनेरात हातात झाडू घेतला. शिकलेल्या माणसाने सफाई करण्यात कमीपणा नाही, हे त्यांनी करून दाखवलं. स्वयंपाकाच्या गॅसची उज्ज्वला योजना 2016 मध्ये आली, तरी सिलिंडर पुरवून वापरण्यासाठी वाडीवस्तीवर भाकरीला चूल आणि न्हाणीला बंब अजून पेटतो. बंबाच्या नळीतही काजळी साचतेच. ग्रामपंचायतींनी चुली वाटताना प्रत्येक वाडीवर एका कारागिराला, बचतगटातल्या बाईला का होईना, नळ्या झाडायचं वर्षाचं मानधन ठरवून द्यावं. आणि ते हाती पडण्याआधी नळी झाडलेल्या प्रत्येक घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या बाईची सही घ्यावी.