हाइड दुरुस्तीचं कूळ

जून १९७६. हेन्री हाइड या इलिनॉयच्या नवख्या खासदाराने अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात कामगार आणि आरोग्य खात्यांच्या वार्षिक खर्चाच्या विधेयकाला एक छोटी दुरुस्ती जोडली: यातला पैसा गर्भपातावर खर्च करायचा नाही. २०७ विरुद्ध १६७ मतांनी ती मंजूर झाली.

१९७३च्या ‘रो विरुद्ध वेड’ निकालाने गर्भपात हा घटनात्मक हक्क ठरला होता, त्यामुळे सरळ बंदी घालता येत नव्हती. खर्चाचं विधेयक मात्र दरसाल मंजूर करावंच लागतं. अडलं तर खात्यांचा कारभार थांबतो. शिवाय ‘मेडिकेड’ ही गरिबांसाठीची सरकारी योजना तेव्हा वर्षाला सुमारे तीन लाख गर्भपातांचा खर्च उचलत होती. हाइड यांनी हेतू लपवला नाही. श्रीमंत असो वा गरीब, सगळ्यांचेच गर्भपात थांबवायला आवडतील, पण हाती मेडिकेडचंच विधेयक आहे, असं ते सभागृहात म्हणाले. म्हणजे जिच्या हाती पैसा नाही तिच्यापर्यंतच कायद्याचा हात पोचणार होता, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ब्रुकलिनचे न्यायाधीश डूलिंग यांनी दुरुस्तीला स्थगिती दिली. १९८०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती वैध ठरवली. बाईची गरिबी काही सरकारने निर्माण केलेली नाही, हा बहुमताचा युक्तिवाद. मला तो आजही पटत नाही. बाळंतपणाचा खर्च तेच सरकार देत होतं. मग निवड खरोखर तिची कशी उरली?

ही दुरुस्ती कायमचा कायदा नाही, दरवर्षी नव्याने जोडावी लागते. बंदीतले अपवाद बदलत गेले: बलात्कारातून किंवा रक्ताच्या नात्यातल्या संबंधांतून राहिलेल्या गर्भाचे अपवाद १९८१मध्ये काढून टाकले, १९९३मध्ये ते परत आले.

पुढे रोख गर्भपातावरून संस्थांवर वळला. २००७पासून खासदार माइक पेन्स हे गर्भपात करणाऱ्या संस्थांचा कुटुंबनियोजनाचा निधीच तोडायचा प्रस्ताव मांडू लागले. २०११मध्ये प्रतिनिधिगृहाने अशाच एका संस्थेचा, ‘प्लॅन्ड पेरेंटहूड’चा, पैसा रोखायला २४० विरुद्ध १८५ मतांनी होकार दिला, सिनेटने तो प्रस्ताव हाणून पाडला.

२०२५मध्ये पुन्हा अर्थसंकल्पाचीच वाट धरली गेली, कारण तिथे सिनेटमध्ये साधं बहुमत पुरतं. त्या विधेयकावर ५० विरुद्ध ५० मतं पडली, उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांनी निर्णायक मत दिलं. ४ जुलैला सही झालेल्या या कायद्याने गर्भपात करणाऱ्या मोठ्या सेवाभावी संस्थांचा मेडिकेडमधला केंद्र सरकारचा पैसा वर्षभरासाठी बंद केला. ते अपवाद सोडले तर गर्भपातावर तो आधीपासूनच खर्च होत नव्हता. या वेळी थांबला तो गर्भनिरोधकांचा आणि कर्करोग-तपासणीचा पैसा.