विधिमंडळातील डॉ. आंबेडकर आणि काटकसरीची कसोटी

बदलापूरच्या इतिहासात ३ मे १९२७ या दिवसाला विशेष महत्त्व आहे. त्या दिवशी तेथील शिवजयंती उत्सवाचे अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भूषविले होते. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून तेव्हा सहाच आठवडे लोटले होते. शेजारचे उल्हासनगर तर त्या काळी अस्तित्वातही नव्हते. निर्वासितांच्या छावणीतून ते शहर पुढे १९४९ साली उदयास आले. बदलापूरला आलेले बाबासाहेब महाडच्या संग्रामाचे नेते म्हणून आपणांस आठवतात. परंतु त्याच वेळी ते मुंबई विधिमंडळाचे सभासद होते आणि प्रांताच्या जमाखर्चाची कठोर चिकित्सा करीत होते, या गोष्टीकडे आपले सहसा लक्ष जात नाही. त्या कार्याचे स्मरण करणे हा या लेखाचा हेतू आहे.

बाबासाहेब विधिमंडळात आले ते सरकारनियुक्त सभासद म्हणून. त्यांच्या पाठीशी कोणत्याही पक्षाचे बहुमत नव्हते. होता तो अर्थशास्त्राचा सखोल व्यासंग. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ मध्ये, तर प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यामुळे अर्थसंकल्पातील आकड्यांनी दिपून जाण्याचे त्यांना कारण नव्हते.

२४ फेब्रुवारी १९२७ रोजी अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी करपद्धतीच्या मुळाशीच हात घातला. प्राप्तिकर भरणाऱ्यास ठरावीक मर्यादेपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिते. शेतकऱ्याला मात्र, तो कितीही गरीब असो, शेतसारा द्यावाच लागतो, ही विषमता त्यांनी सभागृहापुढे मांडली. पुढे १२ मार्च रोजी शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा झाली. सरकार शिक्षणावर दरडोई अवघे १४ आणे खर्च करते आणि अबकारी करापोटी मात्र दरडोई २ रुपये २ आणे ९ पै वसूल करते, हे त्यांनी दाखवून दिले. अबकारीच्या रूपाने जनतेकडून जेवढे घेतले जाते, तेवढे तरी तिच्या शिक्षणावर खर्च व्हावे, अशी त्यांची मागणी होती.

या मागणीत बाबासाहेबांच्या अर्थनीतीचे सार आले आहे, असे आम्हांस वाटते. सरकारने कमी खर्च केला म्हणजे ते काटकसरी ठरले, असे त्यांनी कधी मानले नाही. पैसा कोणाच्या खिशातून आला, तो कोणासाठी खर्च झाला आणि ज्या खर्चाला कात्री लागली त्याची झळ कोणाला बसली, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज काटकसरीचे मोल ठरत नाही.

महार वतनाचा प्रश्न या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १८७४ च्या वतन कायद्यान्वये वतनदार महारांना सरकारी कामासाठी रात्रंदिवस राबावे लागे. मोबदला म्हणून थोडी वतनी जमीन आणि गावकऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून असलेला बलुत्याचा वाटा मिळे. सरकारच्या तिजोरीत जी बचत दिसत होती, ती या माणसांच्या श्रमातून आलेली होती. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुरेसा पाठिंबा न मिळाल्याने २४ जुलै १९२९ रोजी त्यांना ते मागे घ्यावे लागले. ही कनिष्ठ वतने कायद्याने नष्ट होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. स्वस्त कारभाराची किंमत आणखी तीन दशके आपल्याच पूर्वजांनी मोजली.

१९३७ च्या निवडणुकीनंतर बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून विधानसभेत बसले. १७५ सभासदांच्या सभागृहात हा पक्ष अल्पसंख्यच होता. काँग्रेसने १९३१ च्या कराची अधिवेशनात मासिक ५०० रुपयांच्या वेतनमर्यादेचे तत्त्व स्वीकारले होते. त्यानुसार मंत्र्यांच्या वेतनाचे विधेयक सभागृहापुढे आले. त्यागाचा तो काळ होता. अशा विधेयकावर टीका करणे म्हणजे लोकांचा रोष ओढवून घेणे होते. तरीही २३ ऑगस्ट १९३७ रोजी बाबासाहेबांनी वेतन ठरविण्याच्या चार कसोट्या सांगितल्या: सामाजिक राहणीमान, कार्यक्षमता, लोकशाही आणि कारभाराची शुद्धता. वेतनाचा आकडा लहान आहे एवढ्यावरून तो योग्य ठरत नाही, हा त्यामागील विचार होता. घरची श्रीमंती असणाऱ्यालाच परवडेल असे मंत्रिपद ज्या राज्यात असेल, तेथे श्रमिकाचा मुलगा त्या पदापर्यंत कसा पोहोचणार, हा प्रश्न त्यातील लोकशाहीच्या कसोटीतून आपोआप उभा राहतो.

याचा अर्थ बाबासाहेब उधळपट्टीला मोकळीक देत होते, असा कोणी करू नये. ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत महालेखापरीक्षकाच्या पदावर बोलताना, हा बहुधा संविधानातील सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, असे मत त्यांनी व्यक्त केले. संसदेने मंजूर केलेल्या मर्यादेबाहेर सरकारचा खर्च जाऊ नये, हे पाहणारा हा अधिकारी न्यायसंस्थेइतकाच स्वतंत्र असावा, असा त्यांचा आग्रह होता. सार्वजनिक पैशाचा हिशेब चोख असावा आणि त्याचा विनियोग न्याय्य असावा, या दोन्ही गोष्टी त्यांना एकाच वेळी हव्या होत्या.

आज उल्हासनगरला महानगरपालिका आहे. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर येथे नगरपरिषदा आहेत. दरवर्षी त्यांचे अंदाजपत्रक मांडले जाते. आपल्यापैकी कितीजण ते वाचतात? बाबासाहेबांची जयंती साजरी करणाऱ्या प्रत्येक मंडळाने वर्षातून एक सायंकाळ या वाचनासाठी द्यावी, असे आम्ही सुचवितो. वस्तीतील शाळेवर, पाण्यावर आणि सफाई कामगारांच्या वेतनावर किती रक्कम ठेवली आहे, हे तेथे तपासावे. बहुमत नसतानाही आकड्यांच्या बळावर राज्यकर्त्यांना जाब विचारता येतो, हे १९२७ साली एका नियुक्त सभासदाने सिद्ध केले आहे. बदलापूरला आलेल्या त्या महामानवाचा हा वारसा आपण जपला पाहिजे.