साल सोलणारे हात

काही वर्षांपूर्वी केरळात तेक्कडीला गेले होते. पेरियारच्या जंगलात आमच्यापुढे चालणारा गाईड मध्येच थांबला आणि एका खोडावर हात ठेवून म्हणाला, "वायना." म्हणजे रानदालचिनी. मग हसत सांगितलं, की पूर्वी तो याच झाडांची साल चोरून सोलायचा. केसेसही झाल्या होत्या. आता त्याच वाटांवर तो पर्यटकांना फिरवतो आणि गस्तही घालतो.

हे कसं घडलं ते शोधायला घरी येऊन वाचत बसले, तर धागा थेट वॉशिंग्टनला पोहोचला.

१९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ जंगलांत आपलं मेळघाटही होतं. वाघाला संरक्षण मिळालं, पण काठावरच्या माणसाचं सरपण, चराई, मध गोळा करणं हे सगळं गुन्ह्यात जमा होऊ लागलं. वीस वर्षांत वनखातं आणि गावं एकमेकांसमोर उभी राहिली. १९९२च्या रिओ परिषदेनंतर जगभर एक विचार रुजला: काठावरचा माणूस उपाशी असेल तर जंगल टिकणार नाही, म्हणून दोन्हींसाठी एकत्र पैसा द्यायला हवा.

त्यातून १९९६ साली 'इंडिया इकोडेव्हलपमेंट प्रोजेक्ट' आला. सात जंगलं निवडली गेली: बक्सा, गीर, नागरहोळे, पलामू, मध्य प्रदेशातलं पेंच, पेरियार आणि रणथंबोर. खर्च सुमारे ६ कोटी ७० लाख डॉलर. त्यातले २ कोटी ८० लाख जागतिक बँकेच्या गटातल्या संस्थेचं कर्ज, २ कोटी जागतिक पर्यावरण निधीचं अनुदान, बाकी वाटा सरकारांचा आणि गावकऱ्यांचा. आपण सरसकट 'मदत' म्हणतो, पण यातला मोठा भाग परत फेडायचा होता.

योजना अशी: गावाने समिती करायची, आराखडा बनवायचा, खर्चाचा काही हिस्सा पैशाने किंवा श्रमाने स्वतः उचलायचा. बदल्यात जंगल राखायची हमी द्यायची.

पेरियारला अधिकाऱ्यांनी या चौकटीत एक धाडस केलं. साल चोरणाऱ्यांवरच्या केसेस मागे घेण्याची तयारी दाखवली आणि त्यांचीच समिती केली. चोरवाटा त्यांच्याइतक्या कुणाला माहीत होत्या? मन्नान आणि पळियार आदिवासींची मिरी सावकार-व्यापाऱ्यांकडे अडकलेली होती. तिथेही समितीने कर्जाचा फास सोडवून विक्री हातात घेतली.

पण त्याच प्रकल्पातल्या, त्याच पैशातल्या नागरहोळेची गोष्ट वेगळी आहे. तिथल्या आदिवासींच्या संघटनेने १९९८ साली जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार केली. म्हणणं साधं होतं: आराखडा करताना आम्हाला विचारलंच नाही, आणि आम्हाला जंगलाबाहेर काढायचा डाव आहे. मंडळाने चौकशीची शिफारस केली. बँकेच्या संचालकांनी ती त्याच वर्षी नाकारली. कर्नाटक सरकारसोबत बसून सुधारणा करा, एवढंच सांगितलं.

मला हा फरक अस्वस्थ करतो. कागदावर दोन्हीकडे 'लोकसहभाग' होता. पेरियारला जंगलाच्या काठावर राहणाऱ्यांना रोजगार द्यायचा होता. नागरहोळेत लोक जंगलाच्या पोटात राहत होते आणि त्यांचा प्रश्न मुळात जमिनीवरच्या हक्काचा होता. शिलाई मशीन किंवा गॅसची शेगडी हे त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. तो हक्क कायद्यात यायला २००६चा वनहक्क कायदा उजाडावा लागला, आणि त्याचे दावे आजही अनेक ठिकाणी अडकलेले आहेत.

प्रकल्प २००४मध्ये संपला. परदेशी पैसा थांबल्यावर काय, हा प्रश्न पेरियारने आधीच ओळखला होता. त्याच वर्षी 'पेरियार फाउंडेशन' उभं राहिलं आणि पर्यटकांच्या प्रवेशशुल्कावर अधिभार लावून समित्यांचं काम चालू ठेवलं गेलं. म्हणजे तेक्कडीला मी तिकिटासाठी मोजलेल्या पैशांतले थोडे त्या कामात गेले.

निघताना मी गाईडला विचारलं होतं, पुन्हा साल सोलावीशी वाटते का? तो म्हणाला, पगार वेळेवर आला तर नाही.