मानमोडीचा हिशोब

माझी आजी आपलं वय कधी आकड्यात सांगायची नाही. कुणी विचारलं की म्हणायची, "म्या मानमोडीच्या सालातली." तिला जन्म देऊन आठ दिवसांत तिची आई गेली. ओली बाळंतीण. घरात ताप, शेजारी ताप, घोटभर पाणी द्यायला उभं माणूस नाही. आजीला वस्तीतल्या दुसऱ्या बाईनं पाजलं. म्हणून आजी जगली, म्हणून आज मी हे लिहितोय. पण जी गेली तिचं नाव आजीला शेवटपर्यंत कळलं नाही. सांगणारी माणसंही त्याच महिन्यात गेली होती.

मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. शाळेच्या पुस्तकात १९१८ साल आलं की महायुद्ध संपतं, माँटेग्यू-चेम्सफर्ड यांचा अहवाल येतो, मोठमोठ्या पुढाऱ्यांची भाषणं येतात. मानमोडीला एखादी ओळ मिळाली तर मिळाली. ज्यांच्या घरातली माणसं पोत्यानं मेली, त्यांच्यात इतिहास लिहिणारे नव्हते. जे लिहिणारे होते, त्यांच्या घरात मरण आलं, पण बेतानं आलं. हे मी रागानं बोलत नाही. हा मुंबई म्युनिसिपालटीचा आकडा आहे. तो पुढं येईलच. आधी ही साथ आली कशी आणि पसरली कशी, ते बघू.

साथ समुद्रानं आली. १९१८ च्या मे महिन्याच्या अखेरीस मुंबईच्या गोदीला लष्करी जहाज लागलं. १० जूनला सात पोलीस शिपाई तापानं इस्पितळात दाखल झाले. त्यातला एक गोदीवर पहाऱ्याला होता. मग गोदी कामगार, जहाज कंपन्यांचे नोकर, टांकसाळ, तारखातं, गिरण्या, अशी ती शहरात शिरत गेली. शहराचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांचं मत होतं, की रोग गोदीतून आला. सरकारला हे मत पचणारं नव्हतं. युद्ध चालू होतं, जहाजं थांबवायची नव्हती. जहाजं थांबली नाहीत. जुलैच्या पहिल्या आठवड्यात शहरातली पहिली लाट माथ्यावर गेली आणि ओसरली. माणसं म्हणाली, सुटलो.

सुटलो नव्हतो. सप्टेंबरात ती फिरून आली आणि आता दात घेऊन आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ माणसं इन्फ्लुएन्झानं मेली. तिथून ती रेल्वेच्या रुळांनी चालली. कल्याणला रुळाचे दोन फाटे होतात. एक बोरघाट चढून पुण्याकडं, दुसरा थळघाट चढून नाशिककडं. दोन्ही घाटांनी ताप वर चढला. मुंबईत ताप भरला की कामगार गावाकडं पळायचा. दुसरं कुठं जाणार? तो गाठोड्यात दोन लुगडी आणि छातीत मानमोडी घेऊन गावच्या वेशीपाशी उतरायचा. ऑक्टोबर उलटेपर्यंत देशावरची गावंच्या गावं आडवी झाली. पलीकडं मध्यप्रांत-वऱ्हाडातही तेच.

आणि वेळ कोणती? त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. १८९९ नंतर देशानं इतका कोरडा पावसाळा पाहिला नव्हता. खरीप करपलं. युद्धामुळं धान्याचे भाव आधीच चढले होते. उपाशी माणसाच्या अंगावर ताप आला. साधा पडसं-खोकला म्हातारी माणसं आणि पोरं नेतो. ही साथ वीस ते चाळीस वयाची, कामाची, कर्ती माणसं वेचून नेत होती. त्यातही बायका जास्त गेल्या. घरात सगळ्यांची उस्तवार करणारी, सगळ्यांत शेवटी जेवणारी, पोटुशी असली तरी मोळी आणणारी बाई. ती पडली की घर पडलं.

आता मोजदाद कशी झाली ते बघा. गावातला मृत्यू पाटील-कुलकर्ण्यांच्या दप्तरात लिहिला जायचा. तिथं रकाने ठरलेले. पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण असे. इन्फ्लुएन्झाला रकानाच नव्हता. तो 'ताप' या रकान्यात गेला. मग वर बसलेल्या अधिकाऱ्यांनी काय केलं? आधीच्या वर्षांत या महिन्यांत तापानं सरासरी किती मरत होते ते काढलं, आणि त्यापेक्षा जास्त जे मेले ते साथीचे धरले. पण लिहिणारा पाटीलही तापानं पडला होता, कुठं मेलाही होता. तिथं कोण कुणाला लिहिणार? म्हणून सरकारचा पहिला अंदाज ब्रिटिश हिंदुस्थानात ६० लाखांचा होता. १९२१ ची शिरगणती झाली तेव्हा माणसंच कमी भरली. मग आकडा सव्वा कोटीवर गेला. पुढच्या अभ्यासकांनी तो दोन कोटींच्या आसपास नेला. आज कुणी १.४ कोटी म्हणतो, कुणी १.८. लाखा-लाखांचा फरक, आणि त्या फरकात एकेक जीव. आजच्या भारताच्या हद्दीत १९११ ते १९२१ या दहा वर्षांत लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. शिरगणतीच्या इतिहासात असं दुसरं दशक नाही.

मुंबई इलाख्यात या साथीनं १० लाखांवर माणूस खाल्लं. हजारी सुमारे ५५. बंगालमधे हाच आकडा हजारी ९ च्या आत होता. म्हणजे आपला मुलूख या साथीचा मोठा घास होता.

पण इलाख्याचा आकडा सगळ्यांना एका गोणीत भरतो. त्यात कोण कुठं पडलंय दिसत नाही. मुंबई म्युनिसिपालटीचं दप्तर मात्र मेलेल्याची जात-जमात लिहून ठेवत होतं. त्या साथीत शहरातल्या दर हजार माणसांमागं किती मेली, ते तिथं सापडतं. युरोपियन ८.३. पारशी ९. अँग्लो-इंडियन ११.९. ज्यू १४.८. देशी ख्रिस्ती १८.४. वरच्या जातींचे हिंदू १८.९. मुसलमान १९.२.

आणि 'खालच्या जातींचे हिंदू' ६१.६.

दोस्तहो, ही ओळ पुन्हा वाचा. एकोणीस पुढं वीस नाही, पंचवीस नाही, तीस नाही. एकदम साडेएकसष्ट. सवर्ण हिंदूंच्या तिपटीहून जास्त. साहेबाच्या सातपटीहून जास्त.

या तक्त्यात आणखी एक गोष्ट दडलीय. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती यांच्यात भांडणं कितीही असोत, मरणाच्या दारात ती तिघं एकाच पायरीवर उभी आहेत. साडेअठरा, एकोणीस, सव्वाएकोणीस. धर्मानं फरक पडला नाही. फरक पडला तो हिंदू म्हणवल्या जाणाऱ्यांच्या आतच. गावकूस गावात असतं असं आपण समजतो. ते मुंबईच्या मृत्यूच्या दप्तरातही उभं होतं.

कुणी म्हणेल, ही गरिबी आहे, जात कुठली आणता? तर मग जरा विचार करू. त्या वेळी या रोगावर औषधच नव्हतं. विषाणू माणसात सापडला १९३३ ला. पेनिसिलिनचा शोधच लागला १९२८ ला. वाळकेश्वरच्या शेठकडंही औषध नव्हतं आणि आपल्याकडंही नव्हतं. मग माणूस वाचत कशानं होता? मोकळी हवा, उकळलेलं पाणी, गरम पेज, अंगावर पांघरूण, चार दिवस निजायची मुभा आणि उशाशी बसलेलं एक धडधाकट माणूस. एवढंच औषध. आणि नेमकं हेच जातीनं आपल्याकडून काढून घेतलं होतं.

मुंबईतली निम्म्याहून कितीतरी जास्त माणसं एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होती. त्या खोल्यांतही जी सगळ्यांत कोंदट, नाल्याकाठची, तट्ट्या-पत्र्याची, ती आपली. गिरणीत पगार विणखात्यात बरा मिळायचा. पण तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि आपल्या तोंडाचा विटाळ, म्हणून तिथं आपल्याला मज्जाव. आपण कमी पगाराच्या खात्यात. गोदीत ओझी आपण वाहायची, शहराचा मैला आपण उचलायचा. साथीत शहर बंद पडतं, मैला बंद पडत नाही. घरी निजायची मुभा त्या माणसाला कोण देणार? मग ही गरिबी म्हणायची की जात? जातीनंच गरिबी घातली होती, मग वेगळं काय काढायचं?

गावात तर विचारूच नका. मेलेल्याची खबर गावोगावच्या सोयऱ्यांना पोचवणं महाराकडं. सरणाची लाकडं फोडणं महाराकडं. सरकारी टपाल तालुक्याला नेणं महाराकडं. मेलेली जनावरं ओढणं महाराकडं. ज्या महिन्यात घरोघर मढं, त्या महिन्यात हे काम किती पटीनं वाढलं असेल? साथीच्या घरी सोयरे येत नव्हते, पण महाराला जावंच लागत होतं. वतन होतं ना ते! आणि तोच महार तापानं फणफणला, की त्याच्या बायकोनं पाण्यासाठी विहिरीशी उभं राहून कुणी वरून ओतेल का म्हणून वाट बघायची. तापाच्या माणसाला पाणी लागतं. पाणी वरून ओतणारा हातच साथीनं पडला असेल, तर?

माझ्या पणजीच्या उशाशी पाणी का नव्हतं, ते मला या तक्त्यानं सांगितलं. ती मुंबईत नव्हती, त्या तक्त्यात ती नाही. पण तिला मारणारी रेघ तीच.

आता एक तारीख लक्षात ठेवा. नोव्हेंबर १९१८. मानमोडी अजून पुरती गेली नव्हती. त्या महिन्यात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात एक तरुण प्राध्यापक रुजू झाला. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहणारा. भीमराव रामजी आंबेडकर. २७ जानेवारी १९१९ ला हाच माणूस साउथबरो समितीपुढं उभा राहिला आणि मतदानाच्या हक्काविषयी साक्ष दिली. हिंदुस्थानातल्या समाजाची खरी विभागणी त्यांनी तिथं मांडली. स्पृश्य हिंदू, अस्पृश्य हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, ज्यू. म्हणजे अस्पृश्यांना हिंदूंच्या गोणीत भरू नका, ते वेगळे आहेत, त्यांना त्यांचा प्रतिनिधी द्या.

ही यादी आणि वरचा तक्ता शेजारी शेजारी ठेवा. बाबासाहेबांनी म्युनिसिपालटीचा तक्ता समोर ठेवून साक्ष दिली असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच, की ज्या विभागणीला पुढं कित्येकांनी फूट पाडणं म्हटलं, ती विभागणी मरणानं आधीच करून ठेवली होती. बाबासाहेबांनी ती फक्त बोलून दाखवली. आणि वर्षभरानं, ३१ जानेवारी १९२० ला, 'मूकनायक' निघाला.

मग शंभर वर्षं गेली. ९ मार्च २०२० ला महाराष्ट्रातले कोरोनाचे पहिले रुग्ण पुण्यात सापडले, दुबईहून परतलेले. या वेळी गोदीऐवजी विमानतळ. १८९७ सालचा तोच साथीचा कायदा पुन्हा काढला गेला. १८९७ म्हणजे प्लेगचं साल. त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या. कायदा टिकला. सेवेची ती रीत मात्र टिकली का, ते ज्याचं त्यानं बघावं. २०२० ला पुन्हा दारं बंद झाली आणि पुन्हा मैला उचलणारे हात बाहेर राहिले. पुन्हा माणसं गावाकडं निघाली, आणि या वेळी गाडीही नव्हती, पायी निघाली. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळावर निजलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. तेही कोरोनाच्या आकड्यात नाहीत.

कोरोनानं महाराष्ट्रात सरकारी हिशोबानं १ लाख ४८ हजारांवर माणसं गेली. जिल्ह्यावार आकडे मिळाले, वयवार मिळाले, बाई-पुरुष मिळाले, कुणाला आधी साखर होती, कुणाला दमा होता, तेही मिळालं. जातवार आकडा मात्र प्रसिद्ध झाला नाही. कुणी विचारलं तर म्हणतात, विषाणू जात बघत नाही. बरोबर आहे. १९१८ चा विषाणूही बघत नव्हता. जात खोली बघते, नळ बघते, पगार बघते, सुट्टी बघते. आणि मग विषाणूला दार उघडून देते.

इंग्रजांनी आपल्यावर प्रेमानं तो रकाना ठेवला नव्हता. राज्य करायला त्यांना सगळ्यांची मोजदाद हवी होती. पण त्या रकान्यानं आपल्या माणसांची साक्ष जपली. आपल्या स्वतंत्र देशानं तो रकाना ठेवला नाही. जात लपली, पण गेली नाही. पुढच्या शिरगणतीत जात मोजणार असं ३० एप्रिल २०२५ ला जाहीर झालं. चांगलं आहे. पण शिरगणती जिवंत माणसाची होते. मेलेल्याचं काय?

म्हणून मागणं एकच. मरणाच्या दप्तरात आमची ओळ वेगळी ठेवा. आम्हाला सहानुभूती नको, हिशोब द्या. आणि तुम्ही, जे हे वाचताय, आपापल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसा. मानमोडीत कोण गेलं, प्लेगात कोण गेलं, कोरोनात कोण गेलं, नावं विचारा आणि वहीत लिहा. माझ्या पणजीचं नाव मला आता कुणाकडूनच मिळणार नाही. तुमच्या पणजीचं अजून मिळेल.