शॉर्ट शिफ्टर : अंतर कमी, जोर जास्त

मोटारीत फेरबदल करणाऱ्या हौशी मंडळींच्या यादीत अलॉय व्हील आणि रुंद टायर यांच्या पाठोपाठ पुष्कळदा 'शॉर्ट शिफ्टर' येतो. गिअरच्या दांड्याचा पुढे-मागे होणारा प्रवास आखूड करणारा हा सुटा भाग. मनगटाच्या एका हालचालीत गिअर पडतो आणि तीच जुनी गाडी एकदम चपळ वाटू लागते. हे वाटणे खोटे नाही. मात्र हाताचा प्रवास घटला म्हणून गिअरबॉक्सच्या आतले काम घटत नाही. या भागाचे बरेवाईट बहुतेक परिणाम या एकाच गोष्टीतून निघतात.

गिअरचा दांडा म्हणजे शाळेत शिकलेली तरफच. समजा, टेकूच्या वर 240 मिलिमीटर दांडा आहे आणि खाली 60 मिलिमीटर. खालचे टोक 15 मिलिमीटर सरकवायचे तर वरची मूठ 60 मिलिमीटर हलवावी लागते. आता टेकू 20 मिलिमीटर वर उचलला, म्हणजे वर 220 आणि खाली 80 मिलिमीटर उरले, तर मूठ साधारण 41 मिलिमीटर हलवून तेच काम होते. प्रवास 31 टक्क्यांनी घटला. पण हाताला लागणारा जोर 31 नव्हे, तर सुमारे 45 टक्क्यांनी वाढला! जाहिरातीत पहिला आकडा ठळक असतो, दुसरा बहुधा नसतोच. दांडा वरून कापून मूठ खाली आणण्याचा स्वस्त उपाय काही गॅरेजवाले सुचवतात. त्यालाही हाच हिशेब लागू आहे, शिवाय मुठीपर्यंत पोहोचण्यासाठी हात खाली न्यावा लागतो तो वेगळाच.

आता आत काय घडते ते पाहू. गिअर बदलताना वेगवेगळ्या गतीने फिरणारे दोन भाग जुळवावे लागतात. हे काम सिंक्रोमेश यंत्रणेतील कड्या घर्षणाने करतात. 1928 मध्ये कॅडिलॅकने ही सोय आणली, तोवर चालकाला दोनदा क्लच दाबून गती स्वतःच जुळवावी लागे. ही कडी गती जुळेपर्यंत वाट अडवून धरते आणि तिला लागणारा वेळ तिच्यावर पडणाऱ्या दाबावर ठरतो. दांडा आखूड करूनही हाताचा जोर पूर्वीइतकाच ठेवला, तर कडीवरचा दाब कमी होतो आणि गती जुळायला उलट अधिक वेळ लागतो. वाचतो तो केवळ हात सरकण्याचा वेळ. म्हणूनच 'शॉर्ट शिफ्टरने सिंक्रो जातात' हा समज अर्धाच खरा म्हटला पाहिजे. भाग स्वतः दोषी नसतो. आखूड दांडा हातात आला की चालक हिसका देऊ लागतो, अडलेली कडी सुटण्याची वाट पाहत नाही, आणि मग दात खरडल्याचा आवाज येतो. थंडीतल्या पहाटे गिअर ऑईल घट्ट असताना पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना हे विशेष जाणवते.

अधिक गंभीर धोका चुकीच्या गिअरचा. टेकू वर उचलल्याने काही रचनांत आडवा प्रवासही आखडतो आणि गिअरच्या खाचा हाताला जवळजवळ भासतात. पाचव्यावरून चौथ्यावर येताना हात घसरून दुसरा गिअर पडला, तर चौथ्यात 3,500 फेरे मारणारे इंजिन 7,000 च्या आसपास फेकले जाऊ शकते. इथे रेव्ह लिमिटरही वाचवत नाही. तो इंधन तोडतो, पण या वेळी इंजिनाला चाकेच फिरवत असतात. व्हॉल्व्ह वाकण्यापर्यंत मजल जाऊ शकते.

असे असूनही आखूड दांडा उत्तम चालतो, अशी उदाहरणे आहेत. 1964 च्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओत हर्स्ट कंपनीचा शिफ्टर कारखान्यातूनच बसून येई. 1989 मध्ये आलेल्या मझ्दा एमएक्स-5 चा आखूड दांडा तर कौतुकाचा विषय ठरला. पण तिथे गिअरबॉक्स थेट दांड्याखाली आहे आणि सारी रचना त्याच हिशेबाने केलेली. आपल्या पुढच्या चाकांच्या गाड्यांत दांडा आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये केबल किंवा सळ्या असतात. तिथे नुसता दांडा बदलून तो अनुभव येईलच असे नाही.

खरे तर अनेकांची तक्रार लांब प्रवासाची नसून ढिलेपणाची असते. स्टिअरिंगलगत दांडा असलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या जुन्या टॅक्सीत बसलेल्यांना चालकाने गिअर 'शोधणे' म्हणजे काय ते आठवेल. जोडांमधील बुश झिजले की तीच अवस्था नव्या गाडीतही येते. ते बदलण्याचा खर्च शॉर्ट शिफ्टरहून बराच कमी, म्हणून आधी तेच तपासावे. मात्र रबरी बुशच्या जागी धातूचे बसवले, तर गिअरबॉक्सची थरथर आणि घरघर मुठीवाटे थेट हातात येते. खराब रस्त्यावर दिवसभर ती सोसायची तयारी हवी. दाट रहदारीत तासाला शेकडो वेळा गिअर बदलणाऱ्याच्या खांद्यालाही वाढलेला जोर संध्याकाळपर्यंत कळतो.

बसवायचाच असेल तर गाडी जागेवरून हलवण्यापूर्वी, इंजिन बंद ठेवून प्रत्येक गिअर शेवटपर्यंत जातो का ते पाहावे. दांडा कन्सोलच्या कडेला आधीच अडला, तर गिअर अर्धवट पडतो आणि चढावर किंवा अ‍ॅक्सिलरेटर सोडताना सुटून न्यूट्रलमध्ये येतो. रिव्हर्सची अडसर-कडी पूर्वीसारखीच काम करते याचीही खात्री करून घ्यावी. काढलेला मूळ दांडा भंगारात देऊ नये. गिअरबॉक्सच्या वॉरंटीचा प्रश्न निघाला की पहिली विचारणा त्याचीच होते.