वधूपरीक्षेंतील देहमान आणि ‘तनु’ शब्दाचा घोटाळा

विवाह ठरवितांना वधूचा देह सडपातळ असावा असा शास्त्राचा दंडक आहे, अशी समजूत पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांतही आढळते. स्थळें सुचविणाऱ्या मंडळांच्या नोंदवह्यांत पूर्वीं गोत्र, गण आणि नाडी यांचे रकाने असत. अलीकडे त्यांच्या जोडीस उंची आणि वजन हेही रकाने आले आहेत, आणि अपेक्षांच्या रकान्यांत ‘सडपातळ बांधा’ हे शब्द पत्रिकेच्याही आधीं लिहिले जातात. ज्याची जी आवड असेल ती त्यानें मोकळेपणीं सांगावी. तीस आमची हरकत नाहीं. परंतु त्या आवडीस मनूचा आधार देण्यांत येऊं लागला, तेव्हां मूळ ग्रंथ काय म्हणतात तें पाहणें आम्हांस प्राप्त झालें. शिवाय या घोटाळ्यांत आमचाही हात आहे. तो आधीं सांगून टाकतों.

आम्ही शाळेंत संस्कृत शिकवीत असतांना एका वर्गास मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांतील वधूलक्षणांचे श्लोक सांगितले होते. तास संपत आला होता. दहाव्या श्लोकांतील लांब समासाचा विग्रह फळ्यावर न मांडतां ‘एकंदरींत नाजूक, सडपातळ मुलगी’ असा अर्थ सांगून आम्हीं तो आटोपला. पुढें तीस-बत्तीस वर्षांनीं त्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें आपल्या मुलासाठीं आलेलें एक स्थळ नाकारलें, आणि नकाराच्या पत्रांत ‘मुलगी अंगानें अधिक आहे व शास्त्रासही तें संमत नाहीं’ असें लिहून मनूचे दोन श्लोकांक दिले. मुलीचे वडील आमच्या परिचयाचे. तें पत्र घेऊन ते आमच्याकडे आले आणि ‘गुरुजी, असें खरोखरच लिहिलेलें आहे का हो?’ म्हणून त्यांनीं विचारिलें. मुलगी बरोबर आली होती, ती ओसरीवर बसून होती. पत्रांतील अक्षर आम्हीं ओळखलें आणि अर्थही ओळखला. तो आमचाच होता.

तेव्हां आधीं मनु. आठव्या श्लोकांत कोणती कन्या वरूं नये तें सांगितलें आहे. तेथें ‘अधिकाङ्गी’ हा शब्द येतो, आणि पत्रलेखकानें त्याचाच ‘अंगानें अधिक’ असा अर्थ केला, हें उघड आहे. पण येथें अंग म्हणजे अवयव. मराठींतील अंगलट नव्हे. कुल्लूकभट्टानें सहा बोटें इत्यादि अधिक अवयव असलेली असाच अर्थ दिला आहे. त्या श्लोकांत रोगी, अंगावर लव मुळींच नसलेली किंवा फार असलेली, बडबडी अशा कन्या वर्ज्य केल्या आहेत. स्थूल किंवा कृश यांपैकीं एकही शब्द तेथें नाहीं. दहाव्या श्लोकांत कशी कन्या वरावी तें आहे, आणि खरा घोटाळा तेथील ‘तनु’ शब्दाचा आहे. हा शब्द समासांत लोम, केश आणि दशन यांच्याशीं जोडलेला आहे. जिची लव, केंस आणि दांत ‘तनु’ म्हणजे बारीक आहेत ती, इतकाच त्याचा अर्थ. मराठींत ‘तनु’ म्हणजे देह, आणि काव्य वाचलेल्यास ‘तन्वी’ म्हणजे कृशांगी. या दोन जुन्या ओळखींमुळें वाचणारा त्या समासांतील केंस व दांत सोडून देतो आणि बारीक देह तेवढा उचलतो. आम्हीं तरी तेंच केलें. ‘अव्यङ्गाङ्गी’ म्हणजे अवयवांत व्यंग नसलेली. ‘मृद्वङ्गी’ म्हणजे मऊ अंगाची, आणि मऊपणा हा कांहीं कृशतेचा पर्याय नव्हे. चालीस तर हंस आणि हत्ती यांची उपमा दिली आहे. ज्यास काटकुळी सून हवी असेल त्यानें या श्लोकाच्या वाटेस न गेलेलें बरें.

मात्र सर्वच ग्रंथ देहमानाविषयीं मुके आहेत असें म्हटल्यास तें खोटें होईल. विष्णुपुराणाच्या तिसऱ्या अंशांतील दहाव्या अध्यायांत वर्ज्य कन्यांची जी लांबलचक यादी आहे, तींत ठेंगणी, अति उंच आणि जाड हातापायांची या तिघींचा समावेश आहे. परंतु त्याच यादींत हंसतांना जिच्या गालांस खळ्या पडतात तीही वर्ज्य सांगितली आहे. गालावरची खळी पाहून स्थळ नाकारलेला वरपिता आमच्या पाहण्यांत नाहीं. शास्त्रांतून आपल्या आवडीपुरतें काढून घेण्याची रीत कशी चालते, याचें याहून चांगलें उदाहरण शोधावयास नको. आश्वलायनगृह्यसूत्रांत तर लक्षणें ओळखणें कठीण अशी कबुली देऊन निराळाच उपाय सांगितला आहे. दोन पिकें देणारें शेत, गोठा, वेदि, न आटणारा डोह, द्यूताची जागा, चव्हाटा, उखर जमीन आणि स्मशान अशा आठ ठिकाणच्या मातीचे गोळे करावे व कन्येस त्यांतील एक उचलावयास सांगावें. या परीक्षेवर आज कोणी विश्वास ठेवणार नाहीं. पण नुसता देह पाहून निर्णय होत नाहीं हें ती सांगणारांस मान्य होतें, एवढें तीवरून निश्चित होतें.

वजनाचा खरोखर विचार केला आहे तो वराहमिहिरानें, आणि तो मुख्यतः पुरुषाच्या वजनाचा. सहाव्या शतकांतील या ज्योतिष्यानें बृहत्संहितेंतील पुरुषलक्षणाच्या अध्यायांत उंची व वजन या दोहोंचीं फळें दिलीं आहेत. स्वतःच्या अंगुलांनीं मोजून १०८ अंगुलें भरेल तो उत्तम, ९६ भरेल तो मध्यम, ८४ भरेल तो हीन. वजनांत अर्धा भार भरेल तो सुखी, त्याहून कमी तो दुःखी, पूर्ण एक भार तो मोठा धनाढ्य आणि दीड भार तो सर्व पृथ्वीचा राजा. अमरकोशाप्रमाणें १०० पलांची तुला आणि २० तुलांचा भार, म्हणजे भार २००० पलांचा. पल ४ कर्षांचें, कर्ष १६ माषांचा, माष ५ गुंजांचा, गुंज ०.१२ ग्रॅमच्या सुमाराची धरली तर पल ३८ ग्रॅमच्या आसपास येतें. त्या हिशेबानें अर्धा भार सुमारें ३८ किलो, एक भार सुमारें ७७ किलो आणि दीड भार सुमारें ११५ किलो होतो. मानें देशपरत्वें बदलत असत, म्हणून हे आंकडे काटेकोर समजूं नयेत. परंतु वजन चढेल तसें भाग्य चढतें, हा कोष्टकाचा रोख त्यामुळें बदलत नाहीं. आमच्या गांवांतील दोघे-तिघे व्यापारी या मापानें पृथ्वीपति ठरतील. स्त्रीचें माप विसाव्या वर्षीं व पुरुषाचें पंचविसाव्या वर्षीं घ्यावें, असेंही तेथें सांगितलें आहे. मात्र कन्यालक्षणाच्या अध्यायांत वजनाचें फळ म्हणून कांहीं नाहीं. उलट नितंब विस्तीर्ण, मांसल आणि जड असणें ही तेथें प्रशंसेची गोष्ट आहे. अन्नाचा तुटवडा ज्यांनीं वरचेवर पाहिला होता, त्या लोकांस भरलेला देह शुभ वाटावा यांत नवल नाहीं.

वैद्यांची दृष्टि निराळी. चरकाच्या सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायांत आठ निंद्य देह सांगितले असून, त्यांत अतिस्थूल व अतिकृश या दोघांचा विस्तारानें विचार केला आहे, आणि दोहोंत कृशता बरी असा निर्वाळा दिला आहे. पण तो चिकित्सेच्या सोयीचा निर्वाळा आहे. स्थूलाची चिकित्सा अधिक अवघड म्हणून. त्याचा वधूवरांशीं संबंध जोडणें गैर होय.

आतां कवि. ‘तन्वी’ शब्दाचें माहेर काव्यांत आहे हें खरें. पण मेघदूतांतील ज्या श्लोकामुळें तो शब्द सर्वतोमुखीं झाला, त्याच श्लोकांत ती यक्षपत्नी नितंबांच्या भारानें सावकाश चालते व स्तनांच्या भारानें किंचित् वांकलेली आहे, असें कालिदास सांगतो. कृश आहे ती कंबर. कार्ल्याच्या चैत्याच्या दर्शनीं भिंतीवर कोरलेलीं स्त्रीपुरुषांचीं जोडपीं ज्यांनीं पाहिलीं असतील, त्यांस हा बांधा वेगळा समजावून सांगावयास नको. त्यांतील पुरुषही तसेच भरदार आहेत. सर्वांगाची कृशता काव्यांत येते ती बहुधा विरहाचें लक्षण म्हणून, आणि ती पुरुषासही चुकलेली नाहीं. यक्षाच्या मनगटांतून सोन्याचें कडें गळून पडतें. आपल्या महाराष्ट्रीच्या गाथासप्तशतींत, जिचें मराठी विवरण स. आ. जोगळेकरांनीं १९५६ सालीं प्रसिद्ध केलें, एक गाथा या बाबतींत फार बोलकी आहे. नायकाचें हृदय हजारों स्त्रियांनीं भरलेलें, तेथें जागा मिळत नाहीं म्हणून ही बिचारी आधींच बारीक असलेलें अंग दिवसेंदिवस आणखी बारीक करीत आहे, असा तिचा आशय. आलंकारिकांनीं तिच्यांतील ध्वनीची वाखाणणी केली. मनाजोगी जागा मिळावी म्हणून देह आटवीत बसणारी स्त्री दोन हजार वर्षांपूर्वींच्या गोदातीरींही होती, इकडे मात्र लक्ष कमी गेलें.

दंडीच्या दशकुमारचरितांतील गोमिनीची कथा येथें थोडी विस्तारानें सांगितली पाहिजे. वधूपरीक्षेचें इतकें बारीक वर्णन आम्हांस दुसरीकडे आढळलें नाहीं. कांचीचा श्रेष्ठिपुत्र शक्तिकुमार दुसऱ्यांच्या शिफारशीवर बायको करावयास तयार नाहीं. ज्योतिष्याचें सोंग घेऊन, प्रस्थभर भात पदरीं बांधून तो गांवोगांव हिंडतो. लक्षणें जाणणारा म्हणून लोक आपल्या मुली त्याला दाखवितात. तो विचारतो, एवढ्या भातांत मला पुरें जेवण घालशील का? लोक त्यास हंसतात आणि घालवून देतात. शेवटीं कावेरीकांठीं वैभव गेलेल्या घरची एक मुलगी तिची दाई त्यास दाखविते. तिचे अवयव फार स्थूल नाहींत, फार कृश नाहींत, फार आंखूड नाहींत, फार लांब नाहींत, असें तो न्याहाळून मनाशीं म्हणतो. शब्दांची ही योजना लक्षांत घ्यावी. मान आहे तें दोन्हीकडच्या अतिरेकास नकार देणारें. त्याचें मन तेथें जडतेंही. तरीपण परीक्षेवांचून वरूं नये असें ठरवून तो भात पुढें करितो. ती भात कांडते, कोंडा दागिने उजळण्याकरितां सोनारांकडे विकावयास पाठविते, त्या कवड्यांत सरपण व मडकीं आणविते, विझविलेले कोळसे विकून भाजी, तूप, दहीं, तेल घेते आणि पाहुण्यास न्हाऊं घालून जेवावयास वाढते. विवाह होतो. पुढें हाच चिकित्सक नवरा घरांत गणिका आणून ठेवितो. ज्यानें एवढें पारखून घेतलें, त्यास पारखण्याचें काम मात्र कोणीं केलें नव्हतें. दंडीनें तसें म्हटलेलें नाहीं. तो गोमिनीच्या गुणानें नवरा पुन्हा वश झाला एवढेंच सांगतो.

वरासही पारखावें, हा विचार धर्मशास्त्रास नवा नाहीं. याज्ञवल्क्यानें वधूचे गुण सांगितल्यावर वरही त्याच गुणांचा असावा असें म्हटलें आहे. वधूच्या दृष्टीनें वराचा देह पाहावयाचा तर रघुवंशाच्या सहाव्या सर्गाकडे जावें. अवंतिनाथ रुंद छातीचा आणि बारीक, गोल कंबरेचा. आजच्या व्यायामशाळांस हवा तसा. इंदुमती त्याच्यापुढून निघून जाते. त्याआधीं अंगराजास ती सोडून जाते तेव्हां कवि मुद्दाम सांगतो कीं, तो कमनीय नव्हता असें नाहीं आणि तिला पारख नव्हती असेंही नाहीं. लोकांच्या आवडी निरनिराळ्या. नकार देतांना समोरच्याचें न्यून काढावें लागत नाहीं, हें कालिदासास समजलें होतें.

आमच्या मतें या साऱ्या प्रकरणाचा निर्णय एका शब्दाच्या पाठांत आहे, आणि संग्राहकांपुढें हा लेख ठेवण्याचें कारणही तेंच. आपस्तंबगृह्यसूत्रांत वधूवरांचीं लक्षणें व परीक्षा सांगून झाल्यावर शेवटीं एक मत दिलें आहे: जिच्या ठिकाणीं मन आणि डोळे जडतात तिच्यांतच समृद्धि, ‘इतरत्’ मानूं नये, असें कांहींजण म्हणतात. वात्स्यायनानें कामसूत्रांत, तिसऱ्या अधिकरणाच्या पहिल्या अध्यायांत, हेंच वचन घेतलें आहे; पण आम्हीं पाहिलेल्या मुद्रित प्रतींत तेथें ‘इतराम्’ आहे. एका अक्षराचा फरक, पण अर्थ पार फिरतो. ‘इतराम्’ घेतल्यास दुसऱ्या मुलीकडे लक्ष देऊं नये, एवढाच व्यवहाराचा सल्ला. ‘इतरत्’ घेतल्यास मन व डोळे जडल्यावर बाकीचीं लक्षणें, मातीचे गोळे, हातपाय, सर्वच गळून पडतें. प्रकरणाच्या अखेरीस हें वचन यावें, हें आम्हांस ‘इतरत्’ पाठाच्या बाजूचें वाटतें. कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्याच्या कारकीर्दींत (१०७६–११२६) विज्ञानेश्वरानें मिताक्षरा लिहिली. तींत याज्ञवल्क्याच्या ‘कान्ता’ शब्दावर, वराच्या मनास व डोळ्यांस आनंद देणारी, असा अर्थ करून आपस्तंबाच्या याच वचनाचा आधार दिला आहे. जी मिताक्षरा महाराष्ट्रांत शतकानुशतकें प्रमाण मानली गेली, तीही कांता म्हणजे कृशा असें म्हणत नाहीं. कोणाच्या मनास, हा प्रश्न ती ज्याचा त्यावर सोडते.

मुलीच्या वडिलांस आम्हीं वरील श्लोक विग्रहासह लिहून दिले, आणि त्याची दुसरी प्रत विद्यार्थ्यास धाडली. त्याचें उत्तर आलें. अर्थ चुकला हें त्यानें मान्य केलें, आणि मुलाची आवड मात्र तीच आहे असें लिहिलें. तें निदान त्याचें स्वतःचें म्हणणें आहे. ज्यांच्या संग्रहीं आपस्तंबगृह्याच्या, हरदत्त किंवा सुदर्शनाचार्य यांच्या टीकांसह वा टीकेवांचून, अथवा कामसूत्राच्या हस्तलिखित पोथ्या असतील, त्यांनीं वरील स्थळीं ‘इतरत्’ आहे कीं ‘इतराम्’ तें पाहून पोथीच्या लेखनकालासह मंडळाकडे कळवावें, अशी आमची विनंति आहे.