गव्हर्नर टेंपल यांची जलरंगचित्रे

1877 ते 1880 या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेले सर रिचर्ड टेंपल (1826–1902) महाराष्ट्राच्या इतिहासात येतात ते दुष्काळ आणि वासुदेव बळवंत फडके यांचे बंड या संदर्भात. हा कारभारी हिंदुस्थानातील मुक्कामात जलरंगांत, म्हणजे पाण्यात कालवलेल्या पातळ रंगांत, चित्रे काढीत असे, ही बाब मात्र सहसा नोंदली जात नाही.

1849 मध्ये पंजाब खालसा झाल्यानंतर जॉन लॉरेन्स यांच्या हाताखाली टेंपल यांनी सचिवपद सांभाळले, आणि पुढे नागपूर, हैदराबाद, कलकत्ता असा प्रवास करीत ते मुंबईस आले. त्यांचे चिरंजीव रिचर्ड कारनॅक टेंपल हे लोककथांचे संग्राहक होते व अंबाल्याच्या छावणीत मॅजिस्ट्रेट होते. वडिलांच्या हैदराबाद, काश्मीर, सिक्कीम व नेपाळ येथील दैनंदिन्या 1887 मध्ये लंडनहून दोन खंडांत प्रसिद्ध झाल्या, त्या याच पुत्राने संपादित केल्या होत्या, आणि त्यांत वडिलांच्या चित्रांवरून केलेल्या छापील प्रती आहेत.

ही चित्रे ‘पिक्चरेस्क’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या इंग्रजी परंपरेतील आहेत. डोंगर, पाणी, वाडे आणि भग्न वास्तू यांची नेत्रसुखद मांडणी करणे, आणि माणसे दृश्याला प्रमाण देण्यापुरतीच ठेवणे, हे त्या परंपरेचे सूत्र होते. छायाचित्रण रुळण्यापूर्वी अधिकाऱ्याच्या फिरतीत रंगपेटीला व्यावहारिक मोलही होते, कारण घाट, किल्ला किंवा नदीचा उतार यांची नोंद शब्दांपेक्षा रेषेने लवकर होई.

हेच टेंपल 1877 च्या प्रारंभी, गव्हर्नर होण्यापूर्वी, दुष्काळी भागांची पाहणी करण्यासाठी व्हाइसरॉय लिटन यांचे प्रतिनिधी म्हणून दक्षिणेत आले. बिहारमधील 1874 च्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून त्यांनी सढळ हाताने मदत केली होती, पण त्या खर्चावर टीका झाली होती; आता त्यांनी दुष्काळी कामावरील पुरुष मजुराची रोजची मजुरी एक पौंड धान्य (सुमारे 450 ग्रॅम) व एक आणा एवढ्यावर आणली. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी या शिध्यावर वैद्यकीय आक्षेप घेतला, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे लेखी तक्रारी केल्या. बिहारचा धडा टेंपल यांनी नेमका उलटा घेतला, असेच म्हणावे लागते.

म्हणून टेंपल यांची चित्रे भूगोलाचा व वास्तूंचा पुरावा म्हणून विश्वसनीय मानावीत. त्या काळच्या रयतेची अवस्था जाणून घ्यायची असेल तर मात्र अभ्यासकाने सार्वजनिक सभेच्या कागदपत्रांकडेच वळावे.